निनावी प्रस्तावनेचे शहर

१५०९ साली आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने न्युरेंबर्गमध्ये, किल्ल्याच्या पायथ्याशी, टीअरगेर्टनर वेशीजवळ एक ऐसपैस घर विकत घेतले. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी चौकटीचे. या घराचा आधीचा एक मालक होता बर्नहार्ट वाल्टर. धंद्याने व्यापारी, पण जीव सारा आकाशात. मरेपर्यंत, म्हणजे १५०४ पर्यंत, तो ग्रहताऱ्यांच्या जागा मोजत राहिला आणि वेधांसाठी त्याने याच घराच्या वरच्या मजल्यावर सोय करून घेतली होती. जिथे एकाने बुधाच्या नोंदी ठेवल्या तिथे आता दुसऱ्याचे रंग, ताम्रपट आणि लाकडी ठसे आले.

आपल्या शाळेतल्या इतिहासात प्रबोधन, धर्मसुधारणा आणि विज्ञानाची क्रांती ही वेगवेगळी प्रकरणे असतात. लिओनार्दो एका धड्यात, ल्यूथर दुसऱ्यात, कोपर्निकस तिसऱ्यात. न्युरेंबर्गचा सोळाव्या शतकातला पूर्वार्ध वाचला की ही विभागणी टिकत नाही. इथे तिन्ही गोष्टी एकाच तटबंदीच्या आत घडल्या. त्या घडवणारी माणसे एकमेकांना ओळखत होती, एकाच नगरसभेला कर देत होती आणि बऱ्याचदा एकाच छापखान्याच्या पायऱ्या चढत होती.

पेग्निट्झ नदीवरचे हे शहर कोणा सरदाराच्या ताब्यात नव्हते. ते थेट सम्राटाला बांधील होते आणि १४२४ पासून साम्राज्याचा मुकुट व इतर राजचिन्हे याच शहरात ठेवलेली असत. कारभार मात्र मोजक्या श्रीमंत घराण्यांच्या नगरसभेकडे. चौदाव्या शतकाच्या मध्यावर कारागिरांनी बंड केले होते. ते मोडल्यावर नगरसभेने त्यांना स्वतःचे संघ काढू दिले नाहीत. कोणी काय बनवायचे, काय छापायचे, काय बोलायचे, यावर तिची नजर असे. ही नगरसभा पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

शहराचे बळ त्याच्या हातांत होते. पितळेची भांडी, होकायंत्रे, घड्याळे, चिलखते यांसाठी न्युरेंबर्गचे नाव युरोपभर होते. उल्मान श्ट्रोमर या व्यापाऱ्याने १३९० साली वेशीबाहेर जर्मन मुलखातली पहिली कागदगिरणी सुरू केली होती. आज टिकून असलेला सर्वांत जुना पृथ्वीगोल मार्टिन बेहाइमने १४९२ मध्ये इथेच बनवून घेतला. रेगिओमोंटानस हा त्या काळचा थोर गणिती १४७१ मध्ये मुद्दाम इथे राहायला आला. कारण त्यानेच लिहून ठेवले आहे: वेधाची चांगली उपकरणे इथे मिळतात, आणि इथल्या व्यापाऱ्यांच्या ये-जा करण्यामुळे देशोदेशीच्या विद्वानांशी पत्रव्यवहार सोपा जातो. शहरात विद्यापीठ नव्हते, तरी तो इथेच आला. त्याने स्वतःचा छापखानाही काढला. तो लवकर वारला. त्याचे वेध पुढे चालवले ते वर सांगितलेल्या वाल्टरने.

ड्यूररचा जन्मही १४७१ चा. वडील हंगेरीतून आलेले सोनार. धर्मपिता आंटोन कोबर्गर, जर्मनीतला त्या वेळचा सर्वांत मोठा मुद्रक. १४९३ चा तो प्रसिद्ध जागतिक इतिहासग्रंथ कोबर्गरने छापला आणि त्याची चित्रे ज्या वोल्गेमुटच्या कार्यशाळेत तयार झाली, तिथेच ड्यूररने उमेदवारी केली होती. सोनाराची कोरणी आणि मुद्रकाचा दाब, दोन्ही त्याला घरातूनच मिळाले. त्यामुळे चित्र म्हणजे देवळात टांगायची एकच वस्तू, हा विचार त्याच्या मनात फार काळ टिकला नाही. चित्र छापता येते, जत्रेत विकता येते, शेकडो मैलांवरच्या माणसाच्या हाती पोचवता येते, हे त्याने ओळखले होते. १४९८ चा ‘प्रकटीकरणा’चा चित्रसंच त्याने स्वतःच प्रकाशित केला आणि त्या संचाने तो सत्ताविसाव्या वर्षी युरोपभर माहीत झाला.

१५१५ साली त्याच्या हातून दोन ठसे बाहेर पडले. एक होता आकाशाचा नकाशा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धांचा. योहानेस श्टाबियसची आखणी, कोनराड हाइनफोगेलने ताऱ्यांच्या ठरवलेल्या जागा आणि ड्यूररच्या आकृत्या. युरोपात छापलेला हा पहिला तारानकाशा. दुसरा ठसा गेंड्याचा, आणि तो थेट आपल्या किनाऱ्यावरून निघालेला. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने आफोन्सो द आल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला; तो गोव्याहून जानेवारी १५१५ मध्ये जहाजावर चढला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला नव्हता. त्याचे वर्णन आणि एक रेखाटन न्युरेंबर्गला पोचले. इथल्या इम्हॉफ आणि हिर्शफोगेल घराण्यांनी १५०५ च्या पोर्तुगीज ताफ्यात पैसा घातला होता, तेव्हा गोवा-लिस्बनच्या बातम्या या शहराला परक्या नव्हत्या. ड्यूररने प्राणी पाहिला नव्हता. त्याने चिलखतासारखे पत्रे रंगवले, खांद्यावर नसलेले एक जादा शिंग काढले, आणि पुढची दोनेक शतके युरोप गेंडा म्हणजे हाच असे मानत राहिला. खरा गेंडा पोपला नजराणा म्हणून जाताना १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला.

ल्यूथरचे प्रबंध १५१७ च्या अखेरीस न्युरेंबर्गमध्ये आले तेव्हा ते लगेच छापले गेले. नगरसभेतल्या कास्पर न्युट्सेलने ते लॅटिनमधून जर्मनमध्ये आणले. नगरसभेचा चिटणीस लाझारुस श्पेंगलर ल्यूथरच्या बाजूने उघडपणे लिहू लागला. ड्यूररही मनाने ल्यूथरचाच. १५२१ मध्ये नेदरलँड्सच्या प्रवासात ल्यूथरला पकडून नेल्याची बातमी कानावर आली तेव्हा तो हादरला. त्याच्या रोजनिशीतला तो मजकूर आजही वाचवत नाही. १५२२ मध्ये सेंट लोरेन्झ चर्चमध्ये आंद्रेआस ओझिआंडर हा तरुण उपदेशक नेमला गेला. हिब्रू जाणणारा, विद्वान आणि तिखट. पुढच्या साऱ्या हकिगतीचे मध्यवर्ती पात्र तोच.

१५२५ हे निर्णयाचे वर्ष. जानेवारीत झेबाल्ड बेहाम, त्याचा भाऊ बार्थेल आणि गेऑर्ग पेंट्स या तीन तरुण चित्रकारांना नगरसभेपुढे उभे करण्यात आले. तिघेही ड्यूररच्या चित्रपरंपरेत वाढलेले. बाप्तिस्मा, ख्रिस्तप्रसाद, पवित्र शास्त्र यांविषयी प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी साफ सांगितले की आपला यांवर विश्वास नाही. शहराचा अधिकार मानता का, या प्रश्नावरही उत्तर देवाखेरीज कोणाला मानत नाही असेच. त्यांना हद्दपार केले गेले. शाळामास्तर हान्स डेंकलाही त्याच महिन्यात बाहेर काढले. रोमचे जोखड झुगारायला निघालेल्या शहराने किती झुगारायचे याची हद्द आधीच ठरवून टाकली होती. चित्रकारांना त्याच वर्षी परत येऊ दिले आणि पेंट्स तर पुढे शहराचा अधिकृत चित्रकार झाला, पण सीमारेषा काय आहे हे सर्वांना कळून चुकले होते.

मार्चमध्ये नगरभवनाच्या मोठ्या दालनात धर्मचर्चा भरली. दोन्ही पक्षांचे धर्मगुरू समोरासमोर. वाद लॅटिनमध्ये नव्हे, लोकांना कळेल अशा जर्मनमध्ये. जुन्या मताचे साधू शेवटच्या बैठकीला आलेच नाहीत आणि समारोपाचे भाषण ओझिआंडरने केले. निकाल ठरलेलाच होता. मिस्सा बंद झाली, साधूंना उपदेश करायला आणि पापनिवेदन ऐकायला मनाई झाली, बहुतेक मठांनी आपली मालमत्ता शहराच्या स्वाधीन केली.

सेंट क्लारा मठातल्या जोगिणींनी मात्र नकार दिला. मठप्रमुख होती कारितास पिर्कहायमर. ड्यूररचा जिवलग मित्र, विद्वान विलिबाल्ड पिर्कहायमर याची ती थोरली बहीण. तिचे लॅटिन असे की मोठमोठे मानवतावादी पंडित तिला पत्रे लिहीत आणि ड्यूररच्या ‘मरियेचे जीवन’ या चित्रसंचाची अर्पणपत्रिका तिच्या नावाची. तिचे म्हणणे साधे होते: आम्ही इथे आपखुशीने आलो, आपखुशीने राहतो, आमचे मन आमच्यापाशी राहू द्या. नगरसभेने त्यांचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू काढून घेतले. मग नव्या मताचे उपदेशक मठात पाठवले गेले, त्यांत ओझिआंडरही होता. शंभराहून अधिक प्रवचने त्या बायकांना सक्तीने ऐकावी लागली. १४ जून १५२५ रोजी तीन मातबर घरांतल्या आया आपल्या मुलींना न्यायला आल्या. मुली विशीच्या आसपासच्या. त्या रडल्या, हात जोडले, जाणार नाही म्हणाल्या. गर्दीसमोर त्यांना ओढत बाहेर काढून गाडीत घातले. त्यांपैकी एक कास्पर न्युट्सेलची मुलगी होती; ज्याने ल्यूथरचे प्रबंध आपल्या भाषेत आणले त्याचीच.

कारितासने हे सारे स्वतः लिहून ठेवले, म्हणून आपल्याला माहीत आहे. धर्मसुधारणेचा इतिहास बहुधा जिंकलेल्या पुरुषांच्या लेखणीतून येतो. त्यामुळे या हरलेल्या बाईची नोंद मला त्या काळातल्या कुठल्याही वादग्रंथापेक्षा मोलाची वाटते. नोव्हेंबरात मेलांक्थन शहरात आला, जाळीआडून तिच्याशी बोलला आणि ल्यूथरचा उजवा हात असूनही त्याने नगरसभेला बळजबरी थांबवायला सांगितले. तेवढे ऐकले गेले. मठ मोडला नाही, पण नवी जोगीण घ्यायला बंदी घातली गेली. शतकाच्या अखेरीस शेवटची जोगीण गेली आणि मठ आपोआप संपला. विलिबाल्ड सुरुवातीला ल्यूथरचा पाठीराखा होता. बहिणीचे हाल पाहून त्याचे मन उडाले.

एक गोष्ट मात्र नगरसभेच्या बाजूने नोंदवलीच पाहिजे. इतर अनेक शहरांत नव्या मताच्या जमावांनी मूर्ती फोडल्या, चित्रे जाळली. न्युरेंबर्गमध्ये तसे झाले नाही. देणगीदार घराणी आणि नगरसभेतली घराणी एकच होती. आजोबांनी दिलेली वेदी नातू कशी फोडेल? फाइट श्टॉसने १५१७-१८ मध्ये कोरलेले देवदूत आणि मरियेचे भव्य लाकडी शिल्प लोरेन्झ चर्चच्या छताला टांगलेले होते. ओझिआंडरला ते खटकत असे. ते खाली ओढले नाही, खोळीत झाकून ठेवले. म्हणून आज ते आपल्याला पाहता येते.

पण जुन्याला हात न लावणे वेगळे आणि नवे काम मिळणे वेगळे. वेद्यांची मागणी आटली, की वेदी रंगवणारा काय खाणार? ड्यूररने या काळात चित्रापेक्षा पुस्तकांकडे जास्त लक्ष दिले हे योगायोगाने झाले असे मला वाटत नाही. १५२५ मध्येच त्याने कंपास आणि पट्टीने मोजमाप कसे करावे यावरचा ग्रंथ छापला. यूक्लिडची भूमिती त्याने चित्रकार, सोनार, पाथरवट आणि सुतार यांच्यासाठी त्यांच्या जर्मनमध्ये उतरवली. यथार्थदर्शन रेखाटायची यंत्रे आकृत्यांसह समजावली. मानवी देहाच्या प्रमाणांवरचे चार भाग तो १५२८ च्या एप्रिलमध्ये वारल्यानंतर त्याच वर्षी निघाले. विद्वानांची भूमिती कारागिराच्या बाकावर आणण्याचे हे काम मला त्याच्या कोणत्याही चित्राइतकेच थोर वाटते.

त्याआधी, १५२६ मध्ये, त्याने माणसाहून उंच असे दोन फलक रंगवले आणि कोणी सांगितले नसताना नगरसभेला भेट दिले. योहान आणि पेत्र एकावर, मार्क आणि पौल दुसऱ्यावर. खाली ल्यूथरच्या भाषांतरातली वचने सुलेखनकार नॉयडॉर्फरकडून लिहून घेतलेली. राज्यकर्त्यांनी खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहावे असा त्यांचा रोख. तीन तरुण चित्रकारांची हद्दपारी, मठातली ओढाताण आणि शेतकऱ्यांच्या बंडाला सहानुभूती दाखवली म्हणून त्याचा स्वतःचा ठसेकार हिएरोनिमस आंद्रेए याला झालेली कैद, एवढे सारे पाहिलेल्या माणसाने हा इशारा दिला आहे. तो फक्त रोमला उद्देशून होता असे मी मानत नाही. १६२७ मध्ये बव्हेरियाच्या मॅक्सिमिलियनने हे फलक म्युनिकला नेले. खालची वचने करवतीने कापून न्युरेंबर्गला परत पाठवली गेली आणि थेट १९२२ मध्ये चित्रांना पुन्हा जोडली गेली.

१५२६ मध्येच मेलांक्थनच्या सल्ल्याने शहरात नवी शाळा उघडली. गणित शिकवायला आला योहानेस शोनर. आधी कॅथलिक धर्मगुरू, आता ल्यूथरचा अनुयायी, पृथ्वीगोल बनवण्यात वाकबगार. रेगिओमोंटानस आणि वाल्टर यांची हस्तलिखिते त्याच्या हाती आली होती. किल्ल्याच्या पायथ्याशीच, ड्यूररच्या घरापासून थोड्या अंतरावर, योहानेस पेट्रेयसचा छापखाना होता. गणित आणि ज्योतिषाची अवघड पुस्तके आकृत्यांसह नीट छापणारा म्हणून त्याची ख्याती होती.

१५३८ मध्ये विटेनबर्गचा तरुण प्राध्यापक रेटिकस शोनरला भेटायला आला. दूर बाल्टिक किनाऱ्यावर, फ्राउएनबुर्गच्या कॅथेड्रलमधला एक वृद्ध अधिकारी (कॅनन), कोपर्निकस, पृथ्वी फिरते असे म्हणतो, याची चर्चा न्युरेंबर्गमध्ये होती. रेटिकस १५३९ मध्ये तिकडे निघाला. बरोबर भेट म्हणून पुस्तके नेली. त्यांतली तीन पेट्रेयसने छापलेली. विद्वानाला इतके सुबक छापलेले ग्रंथ दाखवणे हीच विनंती होती. पंचविशीचा ल्यूथरपंथी आणि सहासष्ट वर्षांचा कॅथलिक कॅनन दोनेक वर्षे एकत्र राहिले. कोपर्निकसने तीस वर्षे दाबून ठेवलेला ग्रंथ अखेर द्यायचे कबूल केले. रेटिकसने १५४० मध्ये या सिद्धान्ताची पहिली ओळख छापली, ती शोनरला उद्देशून आहे.

कोपर्निकसच्या ग्रंथात न्युरेंबर्गचे आकाशही आहे. विस्तुला नदीच्या धुक्यामुळे आपल्याकडे बुध नीट दिसत नाही, अशी तक्रार त्याने ग्रंथातच केली आहे. म्हणून बुधाच्या कक्षेसाठी त्याने न्युरेंबर्गचे तीन वेध वापरले. त्यांतल्या १५०४ च्या दोन वेधांना त्याने शोनरचे नाव दिले आहे. ते वेध खरे वाल्टरचे.

१५४२ च्या मे महिन्यात रेटिकस प्रत घेऊन पेट्रेयसकडे आला. खिळे जुळू लागले, शंभरावर आकृत्यांचे लाकडी ठसे कोरले गेले. काही महिन्यांनी रेटिकसला लाइपझिगच्या नोकरीवर जावे लागले आणि मुद्रिते तपासायचे काम आले ओझिआंडरकडे. गणितात त्याला खरी गती होती. इटालियन गणिती कार्दानोने १५४५ मध्ये पेट्रेयसकडूनच छापलेला आपला बीजगणिताचा थोर ग्रंथ ओझिआंडरलाच अर्पण केला आहे. १५४१ मध्ये ओझिआंडरने कोपर्निकसला पत्राने सुचवले होते की या कल्पना म्हणजे श्रद्धेची कलमे नव्हेत, फक्त गणिताचे आधार आहेत, असे सांगितले तर विद्वान आणि धर्मपंडित शांत राहतील. कोपर्निकसने ते मानले नाही. त्याने पोप तिसरा पॉल याला उद्देशून निर्भय अर्पणपत्रिका लिहिली. आता लेखक शेकडो मैल दूर, अर्धांगवायूने पडलेला. ओझिआंडरने पहिल्या पानामागे वाचकासाठी एक निवेदन घातले, खाली नाव न लिहिता. या कल्पना खऱ्या असण्याची गरज नाही, संभाव्यही असण्याची गरज नाही, हिशेब निरीक्षणांशी जुळला म्हणजे पुरे, असा त्याचा आशय.

छापलेला ग्रंथ कोपर्निकसच्या हाती २४ मे १५४३ रोजी, त्याच्या मृत्यूच्या दिवशी पोचला, असे त्याचा मित्र बिशप टीडेमान गीझे सांगतो. निवेदन वाचून गीझे संतापला. ते काढून टाकावे आणि मुद्रकाला जाब विचारावा, म्हणून त्याने न्युरेंबर्गच्या नगरसभेकडे दाद मागितली. पेट्रेयसने उत्तर दिले की माझ्या हाती जसे आले तसे मी छापले. नगरसभेने कारवाई केली नाही. रेटिकसने काही प्रतींत तो मजकूर लाल खडूने खोडला. ज्याने हे सारे घडवून आणले त्या रेटिकसचे नाव मात्र ग्रंथात कुठेच नाही.

त्या निवेदनामुळे ग्रंथ वाचला, बंदी १६१६ पर्यंत लांबली, असे अनेक जण म्हणतात. मला हा बचाव पटत नाही. ओझिआंडरचा हेतू दुष्ट नव्हता. धाडसही त्याच्यात होते: ज्यू लोक ख्रिस्ती मुलांचे रक्त वापरतात या घोर आरोपाविरुद्ध त्याने लिहिले होते, आणि तेही निनावी. १५४८ मध्ये सम्राटाचा धर्मविषयक तह नगरसभेने स्वीकारला तेव्हा मनाविरुद्ध राहण्यापेक्षा सव्वीस वर्षे जिथे उपदेश केला ते शहर सोडून तो कोनिग्सबर्गला निघून गेला. स्वतःच्या मनासाठी त्याने एवढे सोसले. मठातल्या जोगिणींना आणि मरणासन्न ज्योतिर्विदाला त्याने तोच हक्क दिला नाही. न्युरेंबर्गच्या धर्मसुधारणेची मर्यादा या एका माणसात दिसते आणि ती लहान मर्यादा नव्हती. कोपर्निकस स्वतःच आपल्या सिद्धान्ताला केवळ हिशेबाची सोय मानत होता, असा समज पिढ्यानपिढ्या त्या निवेदनामुळे पसरला.

निवेदनाचा लेखक कोण, हे जाहीरपणे छापले योहानेस केप्लरने, १६०९ मध्ये, आपल्या मंगळावरच्या ग्रंथात. त्याच्याकडची प्रत पेट्रेयसने १५४३ मध्ये न्युरेंबर्गच्या हिएरोनिमस श्रायबरला दिलेली होती आणि श्रायबरने त्या निवेदनावर ओझिआंडरचे नाव लिहून ठेवले होते. कोपर्निकसच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली प्रत आज क्राकोच्या यागिएलोनियन ग्रंथालयात आहे. तीत ते निवेदन नाही.